पूर्ण खात्रीची बाई

९ फेब्रुवारी, दुपारी

ठमे,

हे खुशालीचं पत्र नाही. तापलेली इस्त्री रेशमावर ठेवू नये हे सगळा जन्म लॉन्ड्रीत काढलेल्या बाईला कळतं, पण आज मी ठेवणार आहे. चटका बसला तर बसू दे.

तुमच्या आरोग्य खात्याच्या दोन मुली मध्यंतरी आमच्याकडे येऊन गेल्या. छातीच्या कॅन्सरची तपासणी फुकट आहे, तरी बायका का जात नाहीत, ते त्यांना शोधायचं होतं. तू तिकडे हेच काम करतेस ना? वाढदिवसाच्या कार्डावर लिहिलं होतंस, ‘मावशी, मी आता बायकांचा आत्मविश्वास मोजते.’ मी तेव्हा हसले होते. म्हटलं, कशाने मोजतात बाई, लिटरने की मीटरने? आता कळलं. एक ते पाच. एक म्हणजे मुळीच खात्री नाही, पाच म्हणजे पूर्ण खात्री.

तुझी आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हात बांधून बसली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसते ना, अगदी तशी. मुलगी म्हणाली, “तपासणीसाठी वेळ काढू शकाल, याची तुम्हाला किती खात्री—”

“पाच.”

“दुखेल अशी भीती वाटली, तरीही—”

“पाच. पुढं.”

“सोबत कुणी नसलं—”

“सोबत? मला? पाच लिही. आणि ती तुमची गाडी फाटकासमोरून काढा आधी. कुणी दिलं लायसन्स तुम्हाला?”

बिचारी धावत जाऊन गाडी बाजूला लावून आली. मग माझी पाळी. मला म्हणाली, “आजी, निकाल काय येईल ही काळजी असतानाही तुम्ही जाल, याची किती खात्री?” म्हटलं, बाई, निकालाच्या काळजीने मी चौथीच्या परीक्षेलाच गेले नाही. त्यानंतर जे काही शिकले ते लॉन्ड्रीतल्या कपड्यांना गुंडाळायच्या वर्तमानपत्रांवरून शिकले. तर लिही एक. दुखण्याचं एक. एकटीने जाण्याचं एक. तुझी आई मागून म्हणाली, “हिला शून्य असेल तर बघा.”

बरं, झालं. चार दिवसांत मला फोन. आवाज असा गोड, की वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाला लागला. ‘आजी, आम्ही गाडी पाठवतो, एक ताई सोबत येतील, तुम्ही काही काळजी करू नका.’ गाडी आली, ताई आली, तिने माझी पर्स धरली, माझा हातही धरला. आत यंत्राने दोन पाट्यांमध्ये मला कॉलर दाबावी तसं दाबलं. ओरडले. संपलं. बाहेर आल्यावर वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी मी इतकी वर्षं रोज थोडी थोडी मरत होते?

आणि तुझी आई? तिला फोन नाही, गाडी नाही, ताई नाही. म्हणून मीच फोन केला. पलीकडची म्हणते, “त्यांना मदतीची गरज नाही, आजी. त्यांचे सगळे पाच आहेत. त्या आपल्या आपण येतील.”

आपल्या आपण! म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन, ते हेच. घाबरट म्हातारीला गादीवर बसवून न्यायचं आणि पूर्ण खात्रीच्या बाईला खात्रीवर सोडून द्यायचं. कुणाच्या डोक्यातून निघालं हे? तुझ्या असेल तर सांगू नकोस, माझा राग आणखी वाढेल.

आता काम. तिचे पाच खोड आणि तिथे एक लिही. फोन कर, गाडी पाठव, दारात उभं राहून हॉर्न वाजवायला लाव. कारण विचारू नकोस.

तुझी मावशी

२६ फेब्रुवारी, सकाळी, चहा व्हायचाय

ठमे,

पत्र पोचलं. दोन पानं लिहिलीस, छापील बाईसारखी. ‘उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे गुण दुसऱ्या कुणालाही बदलता येत नाहीत.’ अगं, ती उत्तर देणारी व्यक्ती तुझी आई आहे! तिला दात नव्हते तेव्हापासून मी तिला ओळखते, आणि दात आले तेव्हा पहिला चावा मलाच घेतला होता.

एक मात्र खरं लिहिलंस, ते मान्य करते. पूर्वी माझ्यासारख्या घाबरट बायका तपासणीच्या दाराशी सुद्धा यायच्या नाहीत, आता येतात, ते तुमच्या त्या मोजण्यामुळे. खरं आहे. मी गेले नसते. हातात हात नसता तर रस्त्यातूनच परत फिरले असते. तेवढं श्रेय तुझं, घे, पदरात बांध. पण एका हाताने देताना दुसऱ्या हाताने काय सांडतंय तेही बघ की.

तू लिहितेस, ज्यांना खात्री जास्त, त्या बहुधा जातात. बहुधा! तुझी आई कधी बहुधात बसली आहे का? जी बाई थरथरते तिला कळतं तरी, की आपण थरथरतोय, आपल्याला जायचं बाकी आहे. तुझ्या आईला ‘मी जाऊ शकते’ एवढंच पुरतं. जाऊ शकते म्हणजे गेल्यातच जमा. मग जायचं कशाला?

काल संध्याकाळी तिला धरलं. म्हटलं, “कधी जाणार?”

“जाईन की.”

“कधी पण?”

“अगं ताई, जायचं म्हटलं तर आत्ता जाईन. रस्ता मला माहीत, गाडी माझी, भीती तेवढी तुझी.”

“मग चल आत्ता.”

“आत्ता कशी? बँकेतले साहेब यायचेत शिकायला. तिसऱ्यांदा नापास झालेत, आज त्यांना चढावर गाडी थांबवायला शिकवायची आहे.”

पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, साहेब चढावरून घरंगळत खाली गेले तरी जग बुडणार नाही. तर म्हणते, “तू इस्त्री कर.” हे तिचं जुनं आहे, तुला आठवत असेल. बोलणं अंगाशी आलं की मला इस्त्री करायला पाठवायचं. मी पण गेले आणि तिच्याच दोन सदऱ्यांच्या कॉलरी अशा कडक केल्या, की मान वळवता येऊ नये.

शेवटी तू विचारलंयस, ‘मावशी, काय लपवतेस?’ मी? मी काय लपवणार. मी शिंकले तरी सगळ्या गल्लीला कळतं. तुझ्या आईचं म्हणशील तर ती उत्तम आहे. जेवते, ओरडते, गाडी शिकवते. हल्ली फक्त सीटबेल्टच्या पट्ट्याखाली नॅपकिनची घडी घालते, डाव्या अंगाला. पट्टा काचतो म्हणते. इतकी वर्षं कधी काचला नव्हता. बाकी सगळं ठीक.

तुझी मावशी

११ मार्च

ठमे,

तुझा फोन आला तेव्हा ती समोरच बसली होती, म्हणून ‘राँग नंबर’ म्हणून ठेवला. लागोपाठ चार वेळा राँग नंबर आला तर कोणालाही संशय येईल, तिला तर नक्कीच. फोन करू नकोस. रडूही नकोस. पत्र वाच.

हो. गाठ आहे.

आता सांगते कशी कळली. काल दुपारी ती मोकळ्या मैदानाच्या कडेला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी लावून पुढच्या शिकाऊ माणसाची वाट बघत बसली होती, आपल्या नेहमीच्या जागी, शेजारच्या सीटवर. मी जाऊन चालकाच्या जागी बसले. तिच्या बाजूने गाडी भिंतीला चिकटून उभी होती, त्यामुळे तिला उतरायचं तर माझ्या अंगावरून उतरावं लागलं असतं. पहिल्यांदाच अशी कात्रीत सापडली.

“उठ तिथून,” म्हणाली. “शिकायचंय का तुला गाडी या वयात?”

“तो नॅपकिन दे. धुवायचाय.”

“स्वच्छ आहे.”

“मग दाखव, कुठे काचतं.”

“ताई, तू ना—”

“मी ना काय? मी ना तुझ्यापेक्षा मोठी आहे, मी ना तुला आंघोळ घातलीय, आणि मी ना इथून हलणार नाही.”

मग तिने नॅपकिन काढून मांडीवर ठेवला. माझा हात धरला आणि तिथे नेऊन ठेवला. ठमे, कोटाचं बटण असतं ना, तेवढी. शर्टाचं नाही. कोटाचं. आणि बटण फिरतं तरी, ही फिरत नव्हती.

“कधीपासून?”

“थंडीच्या आधीपासून.”

“म्हणजे त्या मुली आल्या तेव्हा होती?”

“होती.”

“आणि तू त्यांना पाच सांगितलेस?”

“त्यांनी गाठ आहे का विचारलंच नाही. जाऊ शकाल का, एवढं विचारलं. जाऊ शकतेच मी.”

हे वाच, ठमे, आणि पुन्हा वाच. तुझ्या आईने एक अक्षरही खोटं सांगितलं नाही. सगळे पाच खरे होते. तुम्ही मापलं ते बरोबर मापलं, तिने दिलं ते बरोबर दिलं, आणि सगळं बरोबर असताना बाई गाठ घेऊन चढावर गाडी थांबवायला शिकवत बसली आहे. मला राग कुणाचा येतो तेच कळेना, म्हणून मी हॉर्नवर हात मारला. मैदानातली कावळ्यांची सभा उठली.

मी म्हटलं, “आत्ता चल.” म्हणाली, “नाही.” म्हटलं, “का?” तर जे बोलली ते तुला कळायलाच हवं, कारण त्यात तू आहेस आणि तुझे बाबा आहेत.

“यांना काय झालंय ते मी कुणाला बोलू दिलं नव्हतं,” म्हणाली. “डॉक्टरांनाही हात जोडले होते. हे हसत होते, पेपर वाचत होते. तुझी भाची आली, बाजूला बसली आणि सांगून मोकळी झाली. त्यानंतर उन्हाळासुद्धा संपला नाही.”

“अगं, ते आजाराने गेले.”

“सांगितल्यावर गेले.”

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.”

“राहिलं असतं थोडे दिवस.”

तुला माहीत आहे, त्या खोलीत मीही होते. तुझ्या बाबांनी तू सांगितल्यावर भिंतीकडे तोंड केलं, हे खरं. तुझी आई तेवढंच धरून बसली. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला जवळ बोलावून तासभर काय काय सांगितलं, हसले, तुझं नाक ओढलं, हेही खरं. तू तेवढंच धरून बसलीस. दोघींनी त्या माणसाचा एकेक अर्धा भाग उचलला आणि दोन दिशांना निघून गेलात. मधे मी.

मी तिला म्हटलं, “ठीक आहे, त्यांचं सोड. तू तर सांगितल्याने मरणार नाहीस? तुला तर आधीच माहीत आहे.”

तेव्हा ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, “मला सांगितलं आणि मी जगले, तर?”

“तर चांगलंच की.”

“तर ती खरी ठरते, ताई. एवढी वर्षं मी तिला त्यांचा जीव घेतलास म्हणून घराबाहेर ठेवली, आणि ती खरी ठरते.”

“मग मरून तू खरी ठरणार आहेस का?”

“बघू,” म्हणाली.

बघू! जशी काय समोर पिवळा दिवा लागलाय, आणि थांबायचं की निघायचं ते ठरवतेय! माझ्या अंगाची अशी आग झाली, ठमे, की वाटलं हिला इथेच दोन द्याव्यात. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून गप्प बसले.

शेवटी म्हणाली, “तिला कळवलंस तर मला बहीण नाही. शब्द दे.” मी मान हलवली. मान हलवली म्हणजे शब्द दिला असं कुठे लिहिलेलं नाही. माझी मान वयाने आपली आपण पण हलते.

आता तुझ्यावरचा राग. तो शिल्लक आहे, असं समजू नकोस की सुटलीस. तू बाबांना सांगितलंस ते बरोबर केलंस. माझ्या मते, बरोबर. पण बरोबर असणं हे काय घर सोडायचं कारण आहे? आईने दोन शब्द टाकून बोलल्यावर तू बॅग उचललीस. ती बाई आयुष्यात कुणाशी शब्द न टाकता बोलली आहे का? बँकेतल्या साहेबांना ती ‘बैलोबा’ म्हणते, तरी ते चौथ्यांदा फी भरून येतात. तू मात्र एकदा गेलीस ती गेलीस. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, आणि पीळ कुणाचा, तर तिचाच. आरशात बघून भांडता दोघी.

आणि कृपा करून आत्ता येऊ नकोस. तुझी बॅग भरलेली असेल, मला माहीत आहे. उपस. आत्ता दारात दिसलीस तर तिला वाटेल मी सांगितलं, तू कीव घेऊन आलीस, आणि ती आतून कडी लावून खुशाल मरेल. तिला मी ओळखते. तिला न्यायचं कसं ते मला बघू दे. जमेल असं वाटत नाही. पण माझ्या वाटण्यावर काय आहे.

मावशी

२ एप्रिल, दुपारपासून संध्याकाळपर्यंत, तुटक तुटक

ठमे,

आधी शेवट सांगते म्हणजे तू नीट वाचशील. तपासणी झाली. कॅन्सर आहे. काढता येईल असा आहे. मंगळवारी ऑपरेशन. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

झालं असं, की मला परत बोलावलं. पहिल्या वेळचा फोटो नीट आला नव्हता, पुन्हा काढायचा होता. कारण एवढंच, पण मी ते पत्र वाचून जमिनीवरच बसले. हातपाय गार. नाटक नाही गं, खरंच गार. तुझ्या आईने पत्र हिसकावलं, वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही उत्साह आला! “उठ. मी नेते. त्या ताईची वाट बघत बसू नकोस, ती गाडी तिसऱ्या गिअरच्या वर चालवत नाही. घाबरटासारखं करायचं नाही, मी आहे.”

मी आहे! स्वतःच्या काखेखाली कोटाचं बटण घेऊन मला धीर देतेय. तिथपासूनच माझ्या डोक्यात ठिणगी पडली होती.

हॉस्पिटलात पोचल्यापासून तिची सत्ता सुरू. वॉचमनला सांगितलं, खांब चुकीच्या जागी आहे. खिडकीतल्या क्लार्कला सांगितलं, रांग उलट्या बाजूने लाव, बायकांना ऊन लागतंय. आणि खरंच लावली त्याने! बाकावरच्या सगळ्या बायका तिच्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. एक म्हणाली, “तुमच्यासोबत आलं की भीतीच वाटत नाही हो.” तुझी आई म्हणाली, “भ्यायचं काय त्यात? पाच मिनिटांचं काम.”

तेवढ्यात यंत्रवाल्या मुलीने मला हाक मारली. आत जाऊन मी ब्लाउज काढला, तो मागे नाड्या असलेला गाऊन घातला, आणि त्या यंत्राकडे बघितलं. आणि मला भीती वाटलीच नाही. पहिल्यांदाच. इतका राग आला होता, की भीतीला बसायला जागाच नव्हती. मी तशीच बाहेर आले. गाऊनच्या नाड्या लोंबतायत, पायात चपला नाहीत.

“आजी, कुठे निघालात?” मुलगी मागून धावली.

मी तुझ्या आईसमोर उभी राहिले. “तू आधी.”

“ताई, आत जा. काय हा अवतार?”

“तू गेल्याशिवाय मी जाणार नाही.”

“तमाशा नको.”

“तमाशाच करणार. अहो बायांनो, ऐका! हिला पाच आहेत बरं का. पाचपैकी पाच! पूर्ण खात्री! हिला न्यायला गाडी लागत नाही, धरायला हात लागत नाही, हिला सोबत नको, हिला दुखत नाही. फक्त हिला गाठ आहे, आणि ही आली नाही!”

मघाची कौतुकवाली बाई खाली बघायला लागली. तुझ्या आईचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं आता मारते. मारलं असतं तरी चाललं असतं.

“माझी अपॉइंटमेंट नाही,” ती दातांतून म्हणाली.

यंत्रवाली मुलगी माझ्या मागे उभी होती, लहान चणीची, केसांत पेन खोचलेलं. ती म्हणाली, “गाठ हाताला लागते का, काकू?”

तुझी आई खिशातली किल्ली चाचपायला लागली.

“लागते का?”

“लागते.”

“मग अपॉइंटमेंट लागत नाही. या.”

ठमे, तुझी आई उठली. मला वाटलं फाटकाकडे जाईल. तिने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मला! जिला ती सायकलच्या कुलपाची किल्ली देत नाही! आणि जाताना म्हणाली, “गाऊन मागून ओढ, निर्लज्ज.”

पुढचं भराभर झालं. माझा फोटो स्वच्छ निघाला. तिला त्यांनी तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेली, सुई घालून तुकडा काढला, आणि पुढच्या आठवड्यात निकालाला बोलावलं. तो आठवडा कसा गेला विचारू नकोस. ती रोज शिकवायला गेली. बँकेतले साहेब पास झाले, पेढे घेऊन आले, तर त्यांना म्हणाली, “पेढे ठेवा आणि आरसा बघायला शिका.”

काल निकाल होता. डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढीच असेल. आम्ही आत बसलो. तिने कागद उघडला, मिटला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “आपण मोठ्या बहीण ना? जरा दोन मिनिटं बाहेर येता?”

मी उठणारच होते, पण तुझ्या आईने माझा पदर धरला.

“बसा दोघी,” म्हणाली. “काय असेल ते माझ्यासमोर बोला. हिला नंतर सांगा. हिला भोवळ येते.”

डॉक्टरीणबाई बसली. सगळं सांगितलं. नाव घेऊन सांगितलं, काढायचं किती, औषधं किती, केस जातील, येतील. तुझी आई खुर्चीत ताठ. भिंतीकडे तोंड केलं नाही. एकच विचारलं, “डावा हात वर उचलता येईल ना? मला शेजारून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं लागतं, लोक खड्ड्यात घालतात.” बाई म्हणाली, व्यायाम केलेत तर येईल. “मग करीन,” म्हणाली.

बाहेर आलो. गाडीत बसली, पण गाडी सुरू केली नाही. माझं तोंड मी कसं बंद ठेवलं ते मलाच माहीत. शेवटी ती म्हणाली, “यांना पण विचारायला हवं होतं. ऐकायचंय का म्हणून.”

एवढंच. पुढे नाही, मागे नाही. तिच्या तोंडून याच्यापेक्षा जास्त निघणार नाही, ठमे, आणि याच्यापेक्षा जास्त मागायला तू आलीस तर मी तुला उंबऱ्यावरूनच परत पाठवीन. पण एवढं निघालं, आणि मी ते ऐकलं, आणि तुला ते माझ्याकडून मिळालं पाहिजे, कारण ती देणार नाही.

काल आल्यापासून ती फोनशी जाते, उचलते, ठेवते. मी विचारलं तर म्हणते, धूळ पुसतेय.

आता ये. मंगळवारच्या आत ये. पण कसं यायचं ते सांगते. चेहरा पाडून येऊ नकोस. हॉस्पिटलातल्या पाहुण्यासारखी फळं घेऊन येऊ नकोस. ‘आई, झालं गेलं विसरून जाऊ’ असं तर अजिबात म्हणू नकोस. काही विसरायचं नाही. तुला तिने जे ऐकवलं ते सगळं तिला परत ऐकव. तिच्याशी भांड. आठवड्याभरात डॉक्टर, नर्स, शेजारीण सगळे तिच्याशी इतकं गोड बोलतायत, की बाई घाबरायला लागली आहे. कुणी तिच्यावर आवाज चढवला की तिला कळेल, आपण अजून मेलो नाही. एरवी हे काम मी करते, पण मी थकले, माझा घसा बसलाय.

आणि तिकडे ऑफिसात तुझ्या साहेबांना जाऊन सांग, की पूर्ण खात्रीच्या बायकांनाही फोन करा. उगाच. काही कारण नसताना करा. उचलून त्या खेकसतील. खेकसू देत. तुमचं काय जातं?

हे इथवर लिहिलं आणि तुझी आई मागे येऊन उभी राहिली. मला कागद झाकायला वेळच मिळाला नाही.

“कुणाला लिहितेस?”

म्हटलं, “तुझ्या लेकीला. कर काय करायचं ते.”

तिने टेबलावरची भांडी उचलली, नळाखाली ठेवली, नळ सोडला. मला वाटलं आता बहीण-बिहीण सगळं संपलं. मग पाठमोरीच म्हणाली, “पाइप टाकायला पुढचा रस्ता खणलाय म्हणावं. त्या गधडीला माहीत नसेल, सरळ येईल आणि अडकेल. मागच्या गल्लीने यायला सांग.”

सांगितलं. मागच्या गल्लीने ये.

तुझी मावशी